छातीचा भाता आणि आगीचा बंब

मलिक अंबरने १६१० साली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि काही वर्षांतच तिच्या पोटातून पाणी खेळवले. नहर-ए-अंबरीच्या खापरी नळांतून डोंगरपायथ्याचे पाणी शहरात येई आणि हौदांत पडे. पुढे अठराव्या शतकात अशाच दुसऱ्या एका नहरीने पाणचक्कीचे जातेही फिरवले. पाण्याच्या बाबतीत औरंगाबाद हे तेव्हा दख्खनमधले नशीबवान शहर. पण हौदातले पाणी पेटलेल्या घरापर्यंत आपल्या पायांनी जात नाही. ते न्यायला कुणाचे तरी खांदे लागतात, मांड्या लागतात, आणि एक खेप टाकून लगेच दुसऱ्या खेपेला उभी राहणारी छाती लागते. शहराच्या इतिहासात नहरींची, दरवाज्यांची, तटाची मोजदाद झाली. या छातीची कुणी केली नाही.

याचे एक कारण असे की ही छाती कायम उसनी घेतलेली होती. आग विझवणे हा कुणाचा स्वतंत्र धंदा नव्हता. ज्याचे शरीर दुसऱ्या कामाने घडले आहे, त्याला आगीच्या वेळी हाक जाई.

अशा शरीरांत पहिला मान भिस्त्याचा, मशकीतून पाणी वाहणाऱ्याचा. मशक म्हणजे बकऱ्याचे अख्खे कातडे, कडेने शिवलेले, मानेकडची बाजू तोंड म्हणून मोकळी ठेवलेली. त्यात सुमारे तीस लिटर पाणी मावे, म्हणजे तीस किलोचे ओझे, तेही डचमळणारे. पट्टा खांद्यावरून छातीवर आडवा यायचा, मशक पाठीच्या खालच्या अंगाला टेकायची, तिचे तोंड मुठीत आवळलेले असायचे आणि माणूस पुढे वाकून चालायचा. छातीवर पट्टा असताना श्वास पोटातून घ्यावा लागतो, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. पहाटेपासून अशा खेपा करणाऱ्याला एखाद्या दुपारी गल्लीत आग लागली म्हणून वेगळा दम आणावा लागत नसे. रोजच्या कामाचीच चाल थोडी वाढवली की झाले. जास्त पाणी हवे तर पखाली आपला हल्या, म्हणजे रेडा, घेऊन येई. हल्याच्या पाठीवरच्या पखालीत कितीतरी मशकी मावत.

खेड्यात तर भिस्तीही नव्हता. मराठवाड्यातली जुनी घरे धाब्याची, वर जाड मातीचा थर, त्यामुळे घरापेक्षा गंजी पेटण्याची भीती मोठी. कडब्याच्या गंजीला चैत्र-वैशाखात आग लागली की अर्धा गाव तिकडे धावे, आणि आजही धावतो. पाणी टाकून गंजी विझत नाही. वरून भिजते आणि आतून धुमसत राहते. म्हणून काही जण लांब बांबूंनी आणि दाताळ्यांनी पेंढ्या ओढून बाजूला करतात, काही जण माती टाकतात, बाया विहिरीपासून हंडे-कळशा हातोहात पुढे देतात. ओढणाऱ्याचे काम सगळ्यांत जिवावरचे. अंगावर झळ, नाकात धूर, आणि हात डोक्याच्या वर. शेतात राबलेली माणसे हे निभावून नेत. हल्ली फवारणीचा पंप किंवा पाण्याचा टँकर मदतीला येतो, त्यामुळे पाणी लवकर पोचते, पण पेंढ्या ओढायला माणूसच लागतो.

उसन्या शरीरांचा हा हिशेब कागदावर मांडला तो एका स्कॉटिश माणसाने. जेम्स ब्रेडवुडने १८२४ साली एडिंबराचे अग्निशमन दल उभे केले, तेव्हा त्याने कौले चढवणारे, सुतार, गवंडी, लोहार, नळकाम करणारे असे कारागीर मुद्दाम निवडले, तेही शक्यतो सतरा ते पंचवीस वयाचे. छपरावर चालायची सवय कौले चढवणाऱ्याला असते, कुठली भिंत कधी कोसळेल ते गवंड्याला कळते, हा त्याचा तर्क. ही माणसे दिवसा आपापला धंदा करत, म्हणून कवायत पहाटे व्हायची. पुढे लंडनमध्ये ब्रेडवुडनंतर आलेल्या मॅसी शॉने कारागिरांऐवजी खलाशी घेतले. दोरावर चढणे, रात्री-अपरात्री पाळीला उठणे आणि हुकूम ऐकणे हे तिन्ही जहाजावरच पक्के झालेले असे.

बंब मात्र हाताचेच होते. दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांना वीस-तीस माणसे लागत आणि ती वर-खाली करत पाणी फेकत. दम टिकायचा काही मिनिटेच, मग दुसरी तुकडी. ही माणसे दलाची नसत, जमलेल्या बघ्यांमधून घेतली जात. लंडनमध्ये त्यांना पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढच्या प्रत्येक तासाला सहा पेन्स, आणि वर बियर. बियर संपली की दांडेही थांबत. स्वयंसेवेच्या इतिहासातली ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

मुंबईत १८५५ पासून आग विझवण्याचे काम पोलिसांच्या गळ्यात होते. १८८७ साली स्वतंत्र दल झाले आणि १८९० मध्ये लंडनच्या दलातले निकोल्स त्याचे पूर्णवेळ प्रमुख म्हणून आले. तिथून आपल्याकडे 'फायरमन' ही नोकरी झाली. हाताचे बंब गेले, वाफेचे आले, १९०७ पासून मोटारीचे येऊ लागले. हातदांड्यांची गरज संपली, तशी बघ्यांचीही. पण एक गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नसावी. पूर्वीचा माणूस रोजच्या धंद्यातून दमदार राहत असे. नव्या माणसाचा धंदाच बहुतांश वेळ थांबण्याचा होता.

मराठवाड्यात आगीची नवी भीती आणली ती कापसाने. औरंगाबादेत सूत-कापडाची गिरणी १८८९ साली उभी राहिली. तिथे सुमारे सातशे माणसे कामाला होती. १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने भराभर निघाले. एकट्या जालन्यात नऊ जिनिंग आणि पाच प्रेस. १९०१ साली या भागातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये हजारावर माणसे राबत होती. सरकीला चिकटलेला एखादा खडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली, की रुईचा ढीग पेटायला वेळ लागत नाही. कापसाची आग गंजीच्याच कुळातली. गाठीच्या आत दिवस-दिवस धुमसते आणि हवा लागली की पुन्हा तोंड काढते. जिनिंगमध्ये आजही आग लागली की पहिला अर्धा तास कामगारांचाच असतो. पेटलेली रुई ओढून काढायची आणि चांगल्या गाठी लांब लोटायच्या. एका गाठीचे वजन दीडशे किलोच्या वर. बाहेरून बंब येईपर्यंत 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' हा प्रकार ठरलेलाच.

कापसाच्या आगीने काय होऊ शकते ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीतल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी भरलेल्या होत्या. दुपारी गाठींमधून धूर निघू लागला. बंब आले, तासन्‌तास पाणी मारले, पण आगीचे मूळ सापडले नाही. चारनंतर पहिला स्फोट झाला. त्या दिवशी आणि त्या आगीत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ देशभर पाळला जातो. एप्रिलचा मध्य म्हणजे मराठवाड्यात पारा चाळिशीला टेकलेला असतो. जड कोट आणि हेल्मेट घालून त्या उन्हात कवायती करणाऱ्या जवानाच्या शरीरात नेमके काय चालते, हा प्रश्न त्या सप्ताहात क्वचितच निघतो.

शरीर कमावण्याची सोय मात्र या मुलखात आगीच्या बंबापेक्षा जुनी आहे. तालीम. तांबडी माती, जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल, मल्लखांब. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. गावोगावच्या व्यायामशाळांतली पोरे जत्रेत, उत्सवात स्वयंसेवक म्हणून उभी राहत. पूर असो, पडलेले घर असो, की पेटलेली गंजी, आधी हाक त्यांनाच जाई.

पण तालमीची एक जुनी खोड सगळ्यांना माहीत आहे. आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही. विशीतला मल्ल दूध, तूप, बदाम, मटण पचवतो कारण पहाटे तो शेकड्यांनी जोर मारत असतो. चाळिशीत जोर थांबतात, लग्नसराईतली पंगत थांबत नाही, आणि एक दिवस जिना चढताना छातीत कळ येते. वस्तादांना हे ठाऊक होते. कुस्ती सोडलेल्यालाही ते मातीत बोलवत, निदान पोरांना शिकवायच्या निमित्ताने. एकदा कमावलेले शरीर आयुष्यभर पुरत नाही, हे तालमीने ओळखले. सरकारी भरतीने मात्र ओळखले नाही.

भरतीचे निकष बघावेत. मुंबईच्या दलात पुरुष उमेदवाराची उंची १७२ सेंटिमीटर लागते, छाती फुगवून दाखवावी लागते, धावावे लागते, जड पुतळा खांद्यावर घेऊन जावे लागते, एकोणीस फुटांवरून जंपिंग शीटमध्ये उडी मारावी लागते. परीक्षा कडक आहे आणि असावीच. तिचा दोष एवढाच की ती विशी-पंचविशीत घेतलेली असते आणि नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षाकडे सरकत असते.

औरंगाबादची महापालिका ८ डिसेंबर १९८२ रोजी झाली. तोवर चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी होती. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि शहराच्या पश्चिमेला दुसरे शहर वाढू लागले. रंग, रसायने, प्लास्टिक, रबर, पुठ्ठा. आगीचा स्वभावच बदलला. गंजीचा धूर डोळ्यांत जातो. प्लास्टिकचा धूर रक्तात जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणजे हृदयाला सर्वांत जास्त प्राणवायू हवा असतो नेमका त्याच वेळी तो कमी मिळतो.

म्हणून बी.ए. सेट, म्हणजे श्वसनाचा संच, आला. पाठीवर हवेची नळकांडी, तोंडावर मुखवटा. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने १,८०० लिटर हवा मावते. मिनिटाला चाळीस लिटर धरले तर कागदावर पाऊण तास. प्रत्यक्षात पाण्याने भरलेला होज तीन जिने वर ओढणारा माणूस मिनिटाला सत्तर-ऐंशी लिटर ओढतो आणि पंचवीसेक मिनिटांत सिलिंडर संपतो. धाप लवकर लागणाऱ्याचा आणखी लवकर. दाब उतरला की शिट्टी वाजू लागते आणि बाहेर पडावेच लागते. एकाच आगीत, एकाच कंपनीचा सेट घातलेल्या दोन जवानांपैकी एकाची शिट्टी दुसऱ्याच्या कितीतरी आधी वाजते. त्या दोन शिट्ट्यांमधले अंतर म्हणजे दोन छात्यांमधले अंतर. कोट, बूट, हेल्मेट, सेट धरून वीस-पंचवीस किलो अंगावर असतात. भिस्त्याच्या मशकीहून फार हलके नव्हे, आणि भिस्ती मशक घेऊन पेटलेल्या जिन्यात शिरत नव्हता.

आता पदमपुऱ्यातल्या मुख्य अग्निशमन केंद्रात, किंवा कुठल्याही केंद्रात, ड्यूटी कशी असते ते पाहू. गाड्या धुवायच्या, पंप चालवून बघायचा, होज वाळत घालायचे, नोंदवही भरायची. बाकी वाट पाहायची. रात्री अडीचला वर्दी येते. घंटा वाजते आणि झोपेतला माणूस मिनिटभरात गाडीत असतो. लॉस एंजेलिसमध्ये १९७५ साली बार्नार्ड आणि डंकन या संशोधकांनी फायरमनच्या छातीला यंत्र लावून हाच क्षण मोजला. घंटेनंतर पंधरा ते तीस सेकंदांत हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी ४७ ने वाढले. अजून आग दिसलेलीही नाही. माणूस फक्त बूट घालतोय.

संशोधक स्टेफानोस केल्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकेतल्या फायरमनच्या अकरा वर्षांच्या नोंदी तपासल्या. कामावर असताना मरण पावलेल्या ११४४ जणांपैकी ४४९ जण, म्हणजे ३९ टक्के, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने गेले होते. भाजून किंवा भिंत पडून नव्हे. त्यातले ३२ टक्के मृत्यू प्रत्यक्ष आग विझवताना झाले, आणि आग विझवण्यात त्यांच्या कामाचा वेळ जातो जेमतेम एक ते पाच टक्के. एडिंबरा विद्यापीठाच्या चमूने २०१७ साली १९ निरोगी जवानांना सराव-आगीत पाठवले. बाहेर आल्यावर त्यांचे अंग सुमारे एक अंशाने तापलेले होते, रक्तात गुठळी सहज धरत होती आणि रक्तवाहिन्या नीट सैल होत नव्हत्या. हे निरोगी माणसांचे. ज्याला आपला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल ठाऊकच नाही त्याचे काय, हे त्यावरून समजून घ्यावे.

हे सगळे स्वयंसेवकाला दुपटीने लागू होते. अमेरिकेतले सुमारे दोन तृतीयांश फायरमन स्वयंसेवक आहेत. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली काढलेल्या कंपनीपासूनची ती परंपरा. चिलीत १८५१ पासून अख्खे दलच बिनपगारी आहे. हा स्वयंसेवक दिवसभर दुकानात बसतो, बँकेत बसतो, ट्रक चालवतो, आणि घंटा वाजली की उठतो. जर्मनीने यावर साधा उपाय काढला. तिथेही बहुतेक जवान स्वयंसेवकच. पण हवेचा सेट पाठीवर घ्यायचा असेल तर डॉक्टरांसमोर सायकल-यंत्रावर दम दाखवावा लागतो. पन्नाशीपर्यंत दर तीन वर्षांनी, पुढे दर वर्षी. नापास झालेल्याला दलातून काढत नाहीत. तो गाडी चालवतो, पंपावर उभा राहतो. फक्त धुरात शिरत नाही.

आपल्याकडे पगारी दल लहान आणि स्वयंसेवक विखुरलेले. होमगार्ड ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत सुरू झाले. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा. मे २०२५ मध्ये देशभरच्या सरावासाठी जी यादी निघाली, तिच्या तिसऱ्या श्रेणीत औरंगाबादचे नाव होते. 'आपदा मित्र' योजनेत निवडलेल्या तरुणांना बारा दिवसांचे प्रशिक्षण मिळते. त्याखेरीज कारखान्यांची स्वतःची आणीबाणी पथके. त्यात भरणा यंत्रांवरच्या कामगारांचा, सुपरवायझरांचा. आणि या सगळ्यांच्या आधी पोचतात ते शेजारी.

शहराच्या अलीकडच्या आगी हेच सांगतात. २९ ऑक्टोबर २०१६, ऐन दिवाळी, औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार. शंभराहून अधिक दुकाने बघता बघता गेली, आसपासची वाहने जळाली. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटेपूर्वी वाळूजमधल्या हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा कामगार गेले. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणीतल्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण धुराने गुदमरून गेले. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मध्ये एक अरुंद जिना अशी घरे या शहरात गल्लोगल्ली आहेत. तिथे शिडी लागते, गाडी लागते, पण शेवटी त्या जिन्याने धुरातून वर जाऊन माणूस खांद्यावर घेऊन उतरणारा कुणी तरी लागतो. प्रत्येक मोठ्या आगीनंतर चर्चा होते ती नव्या गाड्यांची, उंच शिडीची, अपुऱ्या केंद्रांची. ती व्हायलाच हवी. पण जवानांचा ईसीजी किती वर्षांपूर्वी काढला हे त्या चर्चेत येत नाही. पखाल्यांच्याच धंद्यातून आलेली म्हण इथे चपखल बसते: दुखणे हल्याला आणि इलाज पखालीला.

तपासणी महागच असते असेही नाही. केल्स यांच्याच गटाने २०१९ साली इंडियानातल्या ११०४ पुरुष जवानांचा दहा वर्षांचा माग प्रसिद्ध केला. मिनिटाला ऐंशी टोल्यांच्या तालावर पुश-अप्स मारायला लावून त्यांनी मोजून ठेवले होते. चाळीसच्या वर मारणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना दहापेक्षा कमी मारणाऱ्यांच्या तुलनेत ९६ टक्के कमी आढळल्या. एकूण ३७ घटनांपैकी ३६ चाळीस किंवा त्याहून कमी मारणाऱ्यांच्या वाट्याला आल्या. तालमीतला पोऱ्या चाळीस हा आकडा ऐकून हसेल, आणि आपले जोर पुश-अपपेक्षा अवघड असतात हेही सुनावेल. तरी सावध राहावे. हे पुरुष जवान होते, तेही एकाच राज्यातले, आणि चाळीस पुश-अप्सनी सिगारेट किंवा मधुमेह पुसला जात नाही. भारतीयांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो, म्हणून रक्त-तपासणीला आणि घाटी रुग्णालयातल्या किंवा दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला पर्याय नाही. पुश-अप्सचा उपयोग एवढाच की कुणाला आधी डॉक्टरकडे पाठवायचे ते कळते. ही मोजणी कारखान्याच्या फाटकाशी, केंद्राच्या आवारात किंवा 'आपदा मित्र' शिबिराच्या शेवटच्या दिवशी करता येते. ती लिहून ठेवायला एक वही पुरते, आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाला पुन्हा बोलावून मागचा आकडा त्याच्या समोर ठेवता येतो.